दारातली पद्मिनी आणि परिग्रहाचं माप



आपल्या महिला मंडळात दर काही महिन्यांनी कुणीतरी मला विचारतंच, "भाभी, घरात चांगली एसी गाडी असताना ते जुनं खटारं कशाला सांभाळता?" एरवी मी हसून विषय बदलते. यंदा मात्र उत्तर द्यायची वेळ आली आहे. आमची प्रीमियर पद्मिनी १९८१ ची. पहिली पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी वाढवून घ्यावी लागते, आणि आताची मुदत २०२६ मध्ये संपते आहे. ठेवायची की निरोप द्यायचा, यावर घरात दोन तट पडले आहेत. म्हणून आज स्वयंपाकघर सोडून गॅरेजबद्दल लिहिते.

आधी एक खुलासा. पुण्याचा माझा भाचा गाड्यांचा वेडा आहे. तो म्हणतो, "मामी, क्लासिक म्हणजे दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. तुझी तर मुंबईची टॅक्सी!" त्याचं अगदीच चूक नाही. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० अश्वशक्ती, चार दारं. पण हिचं मूळ इटलीच्या फियाट ११०० मध्ये आहे, आणि त्याच ११०० वर फियाटने १९५५ मध्ये उघड्या टपाची दोन सीटांची गाडी काढली होती. म्हणजे स्पोर्ट्स कार आमच्या पद्मिनीची चुलत बहीण लागते. एक इटलीत वारा खात फिरली, दुसरीने निफाडात संसार केला.

ही गाडी आपल्यासाठी आणखी एका अर्थाने घरची आहे. ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली, ती कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली. वालचंदशेठ सोलापूरचे, १८८२ चा जन्म, दिगंबर जैन घराणं. आपल्या तालुक्यात ओझरला विमानांचा कारखाना आहे ना, त्या कंपनीचं मूळ म्हणजे वालचंदशेठनीच १९४० मध्ये बंगळुरूला सुरू केलेली हिंदुस्तान एअरक्राफ्ट. आणि लहानपणी आपण ज्या रावळगावच्या गोळ्या चघळल्या, ते मालेगावजवळचं रावळगावही त्यांनीच वसवलेल्या साखर कारखान्याचं गाव. विमान, मोटार आणि गोळी, तिन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या आणि तिन्हींचा आपल्या नाशिक जिल्ह्याशी संबंध आला. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

१९७२ मध्ये या गाडीला प्रीमियर प्रेसिडेंट म्हणायला लागले आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. चित्तोडच्या राणीचं नाव. आम्हा मारवाडी बायकांना ते ऐकूनच ती माहेरची वाटते. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, ती वाट पाहून घेतलेली ही गाडी. दारात आली त्या दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते, असं सासूबाई सांगतात.

मी १९९२ मध्ये लग्न होऊन निफाडला आले. तेव्हा आमच्या घरातल्या सुना बाजारातसुद्धा एकट्या जात नसत. बाबूजी कमी बोलणारे. एक दिवस किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाले, "बेटा, दुकानात आम्ही तिघं असतो. तुझ्या सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर वाट कुणाची बघायची?" बस, एवढंच. पुढचे पंधरा दिवस पहाटे ते शेजारच्या सीटवर बसत आणि मी डोक्यावरचा पदर कानामागे खोचून गाडी चालवत असे. हिचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, म्हणून त्याला हँडल गिअर म्हणतात. तो ओढायचा, उचलायचा, मग खाली. ताक घुसळण्यासारखी त्याची एक लय आहे. ती हाताला बसली की मग डोकं लागत नाही.

गिअर खाली नसल्यामुळे पुढची सीट सलग बाकासारखी आहे. पुढे तीन, मागे चार अशा आम्ही सात बायका चातुर्मासात महासतीजींच्या दर्शनाला गेलो आहोत. खिडकीजवळची छोटी त्रिकोणी काच वळवली की वारा थेट तोंडावर येतो. एसी नाही, म्हणून काचा उघड्या. काचा उघड्या, म्हणून रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसांशी बोलणं होतं. द्राक्षाच्या हंगामात उगावच्या बाजूला गेलं की बागांचा वास गाडीत येतो, लासलगावच्या वाटेवर कांद्याचा. नव्या गाडीत हे काहीच कळत नाही. ती आपल्याला डब्यात भरून नेते आणि तिकडे काढून ठेवते.

आता त्रासाचं सांगते, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्हीच म्हणाल, मग आम्हीही घेतो एक.

पहिला त्रास थंडीचा. आपलं निफाड म्हणजे हिवाळ्यात पेपरात रोज झळकणारं गाव. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की आमची राणीसरकार उठायला तयार नसते. चोक ओढायचा, जरा थांबायचं, मग सेल्फ मारायचा. सारखा मारला तर बॅटरी बसते. दुसरा त्रास उन्हाळ्याचा. मालेगावहून येताना राहुड घाट चढला की इंजिन तापतं, पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी बंद. मग बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि स्वस्थ बसायचं. एकदा असं बसताना सूर्य कलायला लागला. माझा चौविहार, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. सासूबाईंनी डब्यातल्या दशम्या तिथेच, रस्त्याकडेच्या लिंबाखाली काढल्या. घाईघाईने खाल्ल्या, पाणी प्यायलं, आणि शेवटचा घोट झाला तशी गाडी एका सेल्फमध्ये चालू! सासूबाई म्हणाल्या, "तिलाही माहीत होतं, सुनेचं अजून जेवण व्हायचंय."

तिसरा त्रास नव्या काळाचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात इथेनॉलला नावं ठेवायची नाहीत, पण जुन्या गाड्यांच्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, पंपातला पडदा कडक होऊन चिरतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर टाकीत ओल धरते. मिस्त्रींनी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या, पडदा बदलला, आणि ताकीद दिली की टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी किंवा स्कूटर आहे त्यांनी एवढं जरूर करून घ्या. पेट्रोलची गळती म्हणजे आगीशी खेळ.

चौथा त्रास सुट्या भागांचा. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर कुर्ल्याला, ऑपेरा हाउसला काहीही मिळायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. तेव्हापासून मिस्त्रींचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. दरवाजाच्या एका हँडलसाठी आम्ही चार महिने थांबलो. तोवर ते दार आतूनच उघडायचं, म्हणजे आधी दुसरीकडून कुणीतरी आत शिरायचं!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला गाडीने दिली, ती म्हणजे जयणा. थंडीत मांजरं गरम इंजिनाजवळ येऊन झोपतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे: आधी बॉनेटवर दोन थापा, मग बॉनेट उघडून बघायचं, मगच सेल्फ. एकदा आत तीन पिल्लं निघाली. नव्या गाडीत आपण बटण दाबतो आणि निघतो, बघायचं राहून जातं. आता तिलाही आम्ही हाच नियम लावला आहे. पावसाळ्यात गाडीखाली मुंग्यांची रांग लागलेली असते, तेव्हा पुंजणीने हळूच वाट मोकळी करायची. वेग तर असा की साठच्या पुढे ती स्वतःच कुरकुरते. घाईला वावच नाही.

आता घरातल्या दोन तटांबद्दल. मुलगा म्हणतो, "आई, फक्त आणखी पाच वर्षं सांभाळू. २०३१ मध्ये तिला पन्नास पूर्ण होतील." केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केला आहे: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. ह्यांचं म्हणणं वेगळं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी वाढवायची फीच १०,००० रुपये झाली आहे. पर्यावरण कर वेगळा, मिस्त्री वेगळा. "ही आता वस्तू राहिली नाही, मोह झाला आहे," असं ते म्हणाले, आणि ते मला लागलं. कारण शब्द आपल्या घरचाच होता.

परिग्रह म्हणजे वस्तू किती आहेत याचा हिशेब, असं आपण धरतो. पण आपल्याकडे परिग्रहाची व्याख्या मूर्च्छेवर केली आहे, म्हणजे मनाच्या चिकटण्यावर. एक वाटी धरूनही मूर्च्छा असू शकते. आपले साधू-साध्वी तर पायी विहार करतात, त्यांना चाकच नको. आपण श्रावक-श्राविका. आपल्याला सगळं सोडायचं नसतं, पण माप ठरवायचं असतं. मग मी स्वतःला विचारलं, या गाडीत मी धरून काय ठेवलं आहे? बाबूजी गेल्याला अकरा वर्षं झाली. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी दाखवलेला विश्वास मी धरून आहे. पण तो पत्र्यात नाही. तो माझ्या हातात आला, मी सुनेला गाडी शिकवली तेव्हा तिच्या हातात गेला.

मग मुलाच्या बेताकडे पुन्हा पाहिलं. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे दर्शनाला सात बायका नाहीत, दवाखाना नाही, लासलगाव नाही. झाकण घालून ठेवायची आणि पाहुण्यांना दाखवायची. तीच मला मूर्च्छा वाटते. वापरातून गेलेली वस्तू केवळ माझी आहे म्हणून ठेवणं.

आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं. २०२६ ला गाडी तपासणीत पास झाली तर नोंदणी वाढवायची, ही शेवटची वेळ. वर्षाचा खर्च चाळीस हजारांच्या आत, तो माझ्या वहीत लिहायचा, वर गेला तर त्या वर्षी गाडी उभी. महिन्यातून किमान दोनदा ती कुणाच्या तरी कामाला गेली पाहिजे. दुसरी जुनी गाडी घरात यायची नाही, भाच्याने कितीही लाल स्पोर्ट्स कारचे फोटो पाठवले तरी. आणि २०३१ मध्ये, चालू स्थितीत, मोटार मेकॅनिकचे वर्ग असलेल्या एखाद्या आयटीआयला देऊन टाकायची. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, हँडल गिअर मुलांना खोलून बघता येतील. आधीच नापास झाली, तर नियमाप्रमाणे मोडीत. रडू येईल, पण तेही ठरलं आहे. सासूबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "तोवर मला चांदवडला एकदा नेऊन आण. पुढच्या सीटवर."

तुमच्या घरी पद्मिनी नसेल. पण सासूची शिलाई मशीन असेल, माहेरचा पितळी बंब असेल, कपाटात न नेसलेले शालू असतील. या पर्युषणात परिग्रहाचं माप घ्याल तेव्हा एकेका वस्तूपुढे दोनच प्रश्न लिहा: ही कुणाच्या उपयोगाला येते आहे, आणि माझ्यानंतर ही कुणाकडे जाणार? उत्तरं आली की मला कळवा. चांदवडला निघताना गाडीत चार जागा रिकाम्या आहेत. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक फडकं मात्र सोबत घ्या.