बावीस तारीख

आमच्या घरी संध्याकाळी शास्त्र वाचायचं काम माझं. पूर्वी ते आजोबा करत. लहानपणी ते मिशनच्या शाळेत जात. तिथून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, वळणदार अक्षर आणि काळ्या कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड पवित्र शास्त्र. ते वारले तेव्हा मी तिसरीत होते आणि घरात न अडखळता वाचणारी मी एकटीच होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण सोसायटीच्या पावतीपेक्षा मोठं काही वाचताना मी त्यांना पाहिलेलं नाही. आई सही करते. आजीला तर 'अ' सुद्धा ओळखता येत नाही. आजोबांच्या तिसऱ्या दिवशी आजीने ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "वाच, बाई." तेव्हापासून अकरा वर्षं मी वाचते आहे.

आमचं गाव राहुरी तालुक्यात आहे. 'स्मृतिचित्रे' शिकवताना सरांनी सांगितलं की रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई काही काळ राहुरीला राहत होते. त्या दिवशी वर्गातल्या चार-पाच जणी मागे वळून माझ्याकडे पाहू लागल्या, जणू मी लक्ष्मीबाईंची नातच! एरवी मला विचारतात ते, "तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे गोव्याचे ना? घरी इंग्रजी बोलता का?" माझी आजी "व्हय" आणि "न्हाई" च्या पलीकडची इंग्रजी कधी बोललेली नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. 'ज्ञानोदय' १८४२ साली नगरलाच निघाला. आमच्यासारखी पुष्कळ घरं दुष्काळांच्या काळात ख्रिस्ती झाली. शेजारी वारकऱ्यांचं घर आहे. आमची उपासना सुरू होते त्याच वेळी त्यांचा हरिपाठ सुरू होतो. कधी त्यांचा आवाज मोठा, कधी आमचा.

उपासना म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. एक भजन, एक अध्याय, आजीची प्रार्थना, शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, मग जेवण. अध्याय कोणता, हे आजोबांनी ठरवून ठेवलेलं आहे. नीतिसूत्रांचे अध्याय एकतीस आणि महिन्याचे दिवसही एकतीस. एक तारखेला पहिला, दोन तारखेला दुसरा. तारीख ठाऊक असली की झालं, खूण घालून ठेवायला नको. ही रीत आजोबांची एकट्याची नव्हे, पुष्कळ ख्रिस्ती घरांत असते. तिच्यात एक गंमतही आहे. एकतिसाव्या अध्यायात चांगल्या गृहिणीचं वर्णन आहे, ती पहाटे उठते, सूत कातते, शेत विकत घेते, तिचा दिवा रात्री मालवत नाही. तिसाच्या महिन्यात हा अध्याय हुकतो. आई म्हणते, "तेवढीच इश्रांती."

रोज वाचून मला काय मिळतं, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. खरं सांगायचं तर बहुतेक दिवशी काहीच मिळत नाही. साडेपाचची एस.टी. सातला गावात येते. फाट्यापासून घरापर्यंत चालत यायचं, पाय धुवायचे आणि लगेच वाचायला बसायचं. डोळे मिटत असतात. आळशाला मुंगीकडे पाठवणारा अध्याय मी कितीदा तरी पेंगत वाचला आहे. परीक्षेच्या दिवसांत मला हवं असायचं काहीतरी धीर देणारं, स्तोत्रसंहितेतलं, मेंढपाळाचं. पण तारीख सात असली की सातवाच अध्याय. आजी म्हणायची, "वाढलेलं खावं, बाई. ताटात निवडू न्हाई." मला हा हट्ट वाटत असे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमची आणि चुलत्यांची जमीन शेजारी शेजारी, प्रत्येकी दीड एकर. वाटणी आजोबांनीच केली होती आणि मधल्या बांधावर एक बोर होती. ती बोर दोघांची. गेल्या वर्षी पावसाळ्यात चुलते वारले. काकू आणि दोन लहान मुलं मागे राहिली. मोठा चौथीत आहे. रविवारी तो माझ्याकडे पाढे म्हणायला येतो.

नोव्हेंबरात बाबांनी भाड्याचा ट्रॅक्टर लावून कांद्यासाठी नांगरट केली. दुसऱ्या दिवशी कॉलेजहून येताना मी नेहमीप्रमाणे बांधावरून निघाले आणि चार पावलं गेल्यावर थांबले. बोर आमच्या शेतात उभी होती. नांगरट तिच्या पलीकडे गेली होती आणि पलीकडे नवा, ओल्या मातीचा बांध घातलेला होता. मी मोजलं. तीन तासं. लांबी धरली तरी ती जागा काही फार नव्हे, फार तर दोन-तीन गोणी कांदा येईल. आमच्याकडे याला 'बांध कोरला' म्हणतात, आणि गावात ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिच्यावरून भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण आश्चर्य कुणाला वाटत नाही. काकू भांडल्या नाहीत. भांडायला त्यांच्या बाजूने होतं कोण?

मी घरी काही बोलले नाही. माझी परीक्षेची फी भरायची होती. एस.टी.चा पास होता. बाबा माझ्यासाठी कुठून कुठून पैसे उभे करतात ते मला ठाऊक आहे. ती तीन तासं त्यांनी माझ्यासाठीच कोरली असं मी म्हणणार नाही. पण त्या कांद्याच्या पैशात माझाही वाटा असणार, हा हिशेब मी बांधावर उभ्या उभ्याच केला होता.

तीन-चार दिवसांनी बावीस तारीख आली.

बावीसावा अध्याय मला पाठच होता. सुरुवातीलाच म्हटलं आहे की पैशापेक्षा चांगलं नाव मोलाचं. पुढे लेकरांना वळण लावण्याबद्दल आहे, गरिबाला तो गरीब आहे म्हणून लुबाडू नये असंही आहे. मी वाचत होते आणि डोळे सारखे खाली सरकत होते. अठ्ठाविसाव्या वचनात जुनी, वाडवडिलांनी घातलेली मेर हलवू नये अशी आज्ञा आहे. मेर म्हणजे बांधच. बाबा समोर बसले होते, मांडी घालून, डोळे मिटून. मी सत्ताविसावं वचन वाचलं आणि एकदम एकोणतिसाव्यावर गेले. आवाजही बदलला नाही. एकोणतिसावं कामसू माणसाबद्दल आहे, ते मी जरा जोरातच वाचलं. आजीने प्रार्थना केली. जेवणं झाली.

तुम्ही म्हणाल, एक ओळ सोडली, त्यात एवढं काय? मीही मनाला तेच सांगितलं. मी खोटं काही वाचलं नव्हतं. एकही शब्द बदलला नव्हता. पण अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि झोप उडाली. या घरात पुस्तकात काय लिहिलं आहे ते फक्त मला कळतं. मी जे वाचीन तेवढंच शास्त्र. इतकी वर्षं मी स्वतःला वाचून दाखवणारी समजत होते. पण काय ऐकू द्यायचं आणि काय नाही, तेही माझ्याच हाती होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते पुस्तक बाहेर आलं. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजावं म्हणून त्यांनी भाषा सोपी ठेवली होती. कॉलेजात त्यांच्यावर टिपण लिहिताना हे मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. आणि इथे घरातल्या दोन बायकांपासून मी एक ओळ लपवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तेविसावा अध्याय. मला आठवण नव्हती असं नाही. या अध्यायात मेरेची गोष्ट पुन्हा येते, आणि या वेळी अधिक कडक. पोरक्यांच्या शेतात शिरू नये, त्यांच्या बाजूने उभा राहणारा बलवान आहे, असा त्याचा अर्थ. नववं वचन झालं आणि मी बारावं वाचायला घेतलं. मधली दोन्ही गाळली. पुढे दारूबाजाचं वर्णन आहे, ते बाबांना लागू नाही, म्हणून सगळं नीट वाचलं.

आजीने त्या दिवशी लगेच प्रार्थना केली नाही. म्हणाली, "नाबोथाची गोष्ट सांगते, आईक."

ही गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे आणि मी ती रविवारच्या शाळेपासून ऐकत आले आहे. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. नाबोथ म्हणाला, बापजाद्यांची जमीन देणार नाही. राजा रुसून, तोंड फिरवून, न जेवता पडून राहिला. मग त्याची राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारवलं. राजा मळा ताब्यात घ्यायला गेला तेव्हा तिथे एलीया संदेष्टा उभा.

आजी सांगते तेव्हा अहाब आमच्याच गावचा पाटील वाटतो. त्या रात्री मात्र तिने पत्रांपाशी गोष्ट थांबवली. "पत्रं कुणी लिवली? राजानं न्हाई लिवली. राणीनं लिवली. शिकलेली व्हती ना ती." एवढं बोलून तिने डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

मी आजीकडे पाहू शकले नाही. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून हे अध्याय महिन्याच्या महिन्याला ऐकते आहे. वर्षाला बारा वेळा. चाळीस वर्षं धरली तरी पावणेपाचशेच्या वर वेळा होतात. तिला 'अ' ओळखता येत नसेल, पण सत्तावीसनंतर काय येतं ते तिला माझ्याआधी माहीत होतं. तिने मला बाबांसमोर उघडं पाडलं नाही, आणि बाबांनाही माझ्यासमोर नाही. तिला हवं असतं तर ती ते वचन तोंडपाठ म्हणू शकली असती. का म्हटलं नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

डिसेंबरची बावीस तारीख नाताळच्या तोंडावर आली. घरात करंज्या चालल्या होत्या. काकू दरवर्षी करंज्या लाटायला येत. या वर्षी आल्या नव्हत्या, आणि आईने बोलावलंही नव्हतं. पोळपाटावर आई एकटीच होती. मी दिवसभर ठरवत होते आणि मोडत होते. वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. एस.टी.त एकदा असंही वाटलं की उशीर होईल तर बरं, आजचं वाचन टळेल. एस.टी. त्या दिवशी वेळेवर आली.

मी सगळं वाचलं. अठ्ठाविसावं वचन वाचताना माझा आवाज इतका बारीक झाला की आजी म्हणाली, "मोठ्यानं वाच, बाई, मला ऐकू येत न्हाई." तिला चांगलं ऐकू येतं. मी पुन्हा वाचलं. बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ओळखीचं माणूस गर्दीत अचानक दिसावं तसं. मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. प्रभूची प्रार्थना आम्ही तिघींनी आणि धाकट्या भावाने म्हटली. त्यात आपले अपराध क्षमा करण्याची विनंती आहे. ती म्हणताना आई रडायला लागली. तिलाही सगळं ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि महिनाभर एकाच ताटवाटीत जेवत होतो.

तेवीस तारखेला बाबा उपासनेला बसले नाहीत. गोठ्यात काम काढलं. मी तेविसावा अध्याय वाचला, तोही पुरा. गोठ्याची भिंत पातळ आहे.

नाताळला ते चर्चमध्ये आमच्याबरोबर आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. हे मला फार लागलं. ज्या माणसाने मला शिकवायचं म्हणून बैल विकला, त्याला मी त्याच शिकण्याच्या जोरावर घरात मान खाली घालायला लावली. शास्त्राप्रमाणे चालणं म्हणजे हेच का? पाळकसाहेबांना विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. त्यांनी उत्तर दिलं असतं आणि ते बरोबरही असतं, पण बाबा माझ्याशी बोलले नसते ते नसतेच बोलले.

जानेवारीत कांद्याची लागण आली. एका संध्याकाळी मी फाट्यावरून येत होते तेव्हा बाबा एकटेच शेतात फावड्याने माती ओढत होते. मी जवळ गेले नाही. सकाळी पाहिलं तर बांध मागे आला होता. पूर्ण नाही. तीनांपैकी दोन तासं सोडली होती, एक ठेवलं होतं. बोर आता बांधाच्या कडेला आहे, पण आमच्याच बाजूने. एक तास का ठेवलं ते मला कळत नाही. अभिमानासाठी ठेवलं असेल, अगदीच हरलो असं दिसू नये म्हणून. की तेवढं आपलंच आहे असं त्यांना खरोखरच वाटत असेल. काकूंनी आईला हळदीची दोन रोपं पाठवली. त्याचा अर्थ काय लावायचा तेही मला ठाऊक नाही. पाढे म्हणायला मुलगा येतो. सतराच्या पाढ्यावर अडतो.

बाबा आता बोलतात. पहिल्यासारखंच म्हणता येणार नाही. उपासनेला बसतात, पण दाराशी बसतात. मी रोजचा अध्याय पुरा वाचते. प्रत्येक वेळी बोरीचा विचार मनात येतो असं नाही. परवा दहावा अध्याय वाचताना मला पेंगही आली.

हा लेख परवा संपादक सरांकडे द्यायचा आहे, म्हणून आज वाचन झाल्यावर लिहायला बसले. बाबा भिंतीला टेकून विडी ओढत होते. बराच वेळ माझं लिहिणं पाहत राहिले. मग म्हणाले, "आज किती तारीख गं?"

मी म्हटलं, "एकवीस."

ते काही बोलले नाहीत. विडी विझवली आणि गाईला वैरण टाकायला उठले.