एकोणतिसावा मतदारसंघ

लेकाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा मी फोनवर नको ते बोललो होतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तरी तो विषय दोघांनीही काढला नाही.

एके दिवशी त्याने गाडी काढली नि मला इम्पिरिअल व्हॅलीत नेलं. मुळात वाळवंट, पण कोलोरॅडो नदीच्या कालव्याने हिरवंगार. इथेच दलीप सिंग सौंद शेती करत. गणितात डॉक्टरेट केली १९२४ साली, पण हिंदी माणसाला नागरिकत्वच मिळत नसे! १९४६ ला कायदा बदलला, १९४९ ला ते नागरिक झाले. १९५० मध्ये वेस्टमोरलंडच्या लोकांनी न्यायाधीश म्हणून निवडलं, तर नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून पद नाकारलं. १९५२ ला पुन्हा निवडून आले. १९५६ ला रिव्हरसाइड आणि इम्पिरिअल काउंट्यांचा हा २९वा मतदारसंघ जिंकून थेट काँग्रेसमध्ये. (आमच्या राजापुरातून नाथ पै लोकसभेत गेले तेही १९५७ लाच.)

१९६२ च्या फेररचनेत या मतदारसंघाचा नंबर गेला. त्याच वर्षी सौंदांना पक्षाघात झाला, निवडणूकही हरले. राजापूर मतदारसंघही २००८ च्या फेररचनेत गेलाच म्हणा.

परतताना विचारलं, "तू मत देतोस का रे?"

"देतो की, अण्णा. एकदाही चुकवलं नाही."

वाटेत खरबुजं दिसली, दोन घेतली.