गुलमर्गचा बर्फ आणि निफाडची थंडी

निफाडचा पारा उतरला की आमच्या नाशिककडचे द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. थंडीने मणी तडकले तर वर्षाची मेहनत वाया जाते. या थंडीचा उगम आपण 'उत्तरेकडचे वारे' एवढ्यावर सोडून देतो. पण त्या वाऱ्यांच्या आधी हिमालयात काहीतरी घडून गेलेले असते. भूगोल शिकवून आयुष्य गेले, त्यामुळे तिकडे लक्ष जातेच. शिवाय २०२४ पासून लक्ष जायला घरातलेच कारण मिळाले. आमची नात स्कीइंग शिकायला गुलमर्गला गेली होती.

मंडळी, काश्मीरचा बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा दिलेल्या वेळी येत नाही. तो आणतात पश्चिमी प्रक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही वादळी प्रणाली वरच्या थरातल्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत येते आणि हिमालयाला धडकते. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा प्रक्षोभ येतात, पण त्यातले जोरदार थोडेच. ते थोडे उत्तरेकडून निघून गेले की गुलमर्ग कोरडे.

२०२४ च्या जानेवारीत नेमके तेच झाले. काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलां' म्हणतात. थंडीचा आणि बर्फाचा हा मुख्य काळ. त्या वर्षी तो जवळजवळ सगळा कोरडा गेला, बर्फ आला तो महिना संपता संपता. टीव्हीवर गुलमर्गची तपकिरी कुरणे दाखवत होते. घसरगाडी ओढणाऱ्या माणसांची कमाई या दोन-तीन महिन्यांचीच. आभाळाकडे बघत बसलेली ती माणसे पाहून मला आपल्याकडचा जून आठवला. पुढे २०२५ मध्ये तर खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला भाग बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावा लागला.

आता अंदाज कसा बांधतात ते थोडक्यात सांगते. (मास्तरणीची खोड, काय करणार!) दर हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे आपण सातवी-आठवीत शिकलो. श्रीनगर सुमारे १६०० मीटरवर, गुलमर्ग २६५० वर आणि गंडोल्याचे वरचे टोक, म्हणजे अफरवट, ३९०० मीटरच्याही वर. म्हणजे श्रीनगरला सहा अंश तापमानात पाऊस पडत असेल तेव्हा गुलमर्गला शून्याच्या आसपास बर्फ पडू शकतो. दोन अंशांचा फरक पडला की तिथेही चिखल! पाण्याचे प्रमाणही बघावे लागते. एक सेंटीमीटर पावसाच्या पाण्याचा साधारण दहा सेंटीमीटर बर्फ होतो, हवा फार थंड असेल तर तोच जास्त भुसभुशीत आणि उंच.

पण हा झाला आकाशाचा अंदाज. उताराचा अंदाज वेगळा असतो, हे मला नातीमुळे कळले.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मोठा बर्फ पडला. तिचा फोन आला, "आज्जी, आकाश निळंभोर झालंय, आणि सर आम्हाला वर जाऊच देत नाहीत! खालच्याच उतारावर गोल गोल फिरतोय." आवाजात रडू होते. इतक्या महिन्यांची तयारी, पैसे, रजा... मुलगा म्हणाला, फी घेतली तर शिकवायला नको का?

२२ फेब्रुवारीला अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळला. एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. बातमी लागली तेव्हा सूनबाईच्या हातातले ताट तसेच राहिले. नातीचा फोन लागेपर्यंतची ती वीस मिनिटे मी लिहून सांगू शकत नाही. ती सुखरूप होती, खालीच.

नंतर मी वाचत गेले. कोरड्या थंडीत जमिनीवरच्या पातळ बर्फाचे हळूहळू जाड साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर नवा जड थर पडला की तो पक्का धरून राहत नाही. वारा कड्यावरचा बर्फ उचलून पलीकडच्या उतारावर टाकतो, तिथे भार आणखी वाढतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे, आणि स्की करायला मजा येते तेही तेच! म्हणजे बर्फ थांबून ऊन पडले की धोका टळला असे नसते. आपल्या डीआरडीओची एक संस्था या हिमकड्यांचा अभ्यास करून धोक्याच्या सूचना देते. त्या सूचनेत 'आज कोसळेल' असे लिहिलेले नसते, धोका किती एवढेच असते. वर जायचे की नाही, हे तिथल्या माणसाला ठरवावे लागते. आणि त्याने 'नको' म्हटले की वीस तरुण चेहरे रुसतात.

त्या सरांना मी कधी पाहिले नाही. वर्गात चाळीस वर्षे 'नाही' म्हणण्याची मलाही सवय होती, पण एवढे मोल असलेले 'नाही' माझ्या वाट्याला आले नाही. नातीकडून त्यांना तिळगूळ पाठवला, तोही संक्रांत उलटून गेल्यावर.

आता हिवाळा आला की मी मोबाईलवर आधी गुलमर्ग बघते. तिथे बर्फ पडून आभाळ मोकळे झाले की दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा बहुधा उतरतोच. शेजारच्या बागाईतदारांना मी तसे सांगूनही ठेवते. ते हसतात, पण लाकडे आणून ठेवतात.

असो. थंडी वाढते आहे, कानटोपी घालत जा.