फोर्ट विल्यममधला मराठीचा तास

कोलकात्याचा फोर्ट विल्यम किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. त्याच्या नावाने १८०० साली निघालेले कॉलेज मात्र किल्ल्यात भरत नसे. ते भरायचे लालदिघीच्या काठावरल्या रायटर्स बिल्डिंगमध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांना तेव्हा ‘रायटर’ म्हणत. विलायतेहून आलेली ही मिसरूड फुटलेली पोरे पुढे मुलुख सांभाळणार, तेव्हा त्यांना इथल्या भाषा यायला हव्यात, हा गव्हर्नर जनरल वेलस्लीचा हिशेब होता. फारसी, हिंदुस्थानी, बंगाली, संस्कृत यांच्या जोडीला १८०४ पासून तिथे मराठीचे शिक्षणही सुरू झाले. पुण्यापासून इतक्या दूर, हुगळीच्या काठी, छापील मराठी गद्य पहिल्यांदा घडू लागले ते या वर्गांच्या गरजेपोटी.

शिकवणारा होता विल्यम कॅरी. इंग्लंडमध्ये जोडे शिवणारा हा माणूस मिशनरी होऊन १७९३ मध्ये बंगालात आला. त्याचे बिऱ्हाड आणि छापखाना हुगळीकाठच्या श्रीरामपूरला; तिथून नावेने तो शिकवायला कोलकात्याला येई. मराठीत गद्य नव्हते असे मुळीच नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली ती १६९७ मध्ये, आणि पेशव्यांच्या दप्तरात पत्रांचे ढीग होते. पण ते सारे हाती लिहिलेले. वर्गात पोरांसमोर ठेवावे असे छापील पुस्तक नव्हते. मग कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण स्वतःच छापले.

लेखन शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या व्याकरणात सर्वांत मोलाची वाटते ती त्याला जोडलेली पुरवणी. तिच्यात रोजच्या व्यवहारातले संवाद आहेत. ही युक्ती कॅरीने आधी बंगालीत केली होती. त्याच्या १८०१ च्या ‘कथोपकथन’मध्ये जमीनदार आणि रयत बोलतात, सावकार आणि कर्जदार बोलतात, बायका कडाकडा भांडतात. व्याकरण शिकायला आलेल्या साहेबाच्या पोराला भांडण कशाला वाचायला द्यायचे? कारण भांडणात कोणी पोकळ वाक्य बोलत नाही. प्रत्येक वाक्याला कर्ता असतो, क्रियापद असते आणि समोर ऐकणारे माणूस असते.

आपल्या लेखी मराठीतून नेमक्या या तीन गोष्टी नाहीशा होतात. कार्यशाळेत मी नोटिशीच्या वळणाचे एक वाक्य फळ्यावर लिहितो: ‘आपणाकडून पाणीपट्टीचा भरणा करण्यात आलेला नसल्याने आपली नळजोडणी खंडित करण्यात येत आहे.’ मग सांगतो, समोर शेजारी उभा आहे असे समजा आणि हेच त्याला तोंडाने सांगा. मंडळी क्षणात म्हणतात, ‘तुम्ही पाणीपट्टी भरली नाही, म्हणून तुमचा नळ तोडतोय.’ यात कोण, काय आणि का हे सगळे आले. खरा अवघड भाग पुढे असतो. हेच वाक्य कागदावर उतरवायला सांगितले की बऱ्याच जणांचा हात ‘भरणा करण्यात’कडे परत वळतो. अज्ञान हे त्याचे कारण नाही. साधे लिहिले तर आपण कमी शिकलेले दिसू, ही भीती त्यामागे आहे. ती एका दिवसात जात नाही. रोज ऐकलेला एखादा संवाद जसाच्या तसा टिपून ठेवणारे मात्र महिन्या-दोन महिन्यांत सुटे लिहू लागतात.

कॅरीच्या हाताखालचे मराठीचे मुख्य पंडित होते वैजनाथ शर्मा. त्यांनी ‘सिंहासन बत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ (१८१६) ही पुस्तके मराठीत आणली. सारी मोडीत छापलेली, कारण मराठी व्यवहार तेव्हा मोडीतच चाले. सिंहासनाची गोष्ट त्याआधीच कॉलेजसाठी मृत्युंजय विद्यालंकारांनी बंगालीत लिहिली होती, तीही १८०२ मध्येच. माहीत असलेली गोष्ट पुन्हा लिहायला देणे हा लेखनाचा उत्तम सराव आहे, असे माझे ठाम मत आहे. पुढे काय घडणार याची चिंता उरत नाही, त्यामुळे सगळे लक्ष वाक्यावर जाते.

पण या सरावाला एक खोड आहे आणि ती वैजनाथांच्या पुस्तकांतही दिसते. प्रतापादित्य हा यशोरचा राजा. त्याचे चरित्र मुळात रामराम बसूंनी १८०१ मध्ये बंगालीत लिहिले. तिथून मराठीत आलेल्या गद्यावर मूळच्या ठेवणीचे ओझे राहिले. शेजारी सभासदाची बखर उघडून ठेवावी. छोटी वाक्ये, क्रिया लगेच हाती लागणारी, कुठे क्रियापद गाळूनही अर्थ ठसठशीत. शंभराहून अधिक वर्षे जुनी असून ती जास्त ताजी वाटते. म्हणून भाषांतर करणाऱ्यांना मी सांगतो, मूळ मजकूर दोनदा वाचा, मिटून ठेवा आणि मग मराठीत सांगायला बसा.

मिटून लिहिण्याचा प्रसंग कॅरीवर फार क्रूरपणे आला. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या दिवशी कोलकात्यात होता. कागद, टाईप, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. अनेक भाषांचा मोठा शब्दकोश, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांचे काम त्यात गेले. ढिगाऱ्यातून अक्षरांचे ठसे शाबूत निघाले, म्हणून टाईप लगेच पुन्हा ओतता आले. हस्तलिखितांना तसा ठसा नव्हता. कॅरी पुन्हा लिहायला बसला. त्याच वाटेने दुसऱ्यांदा जाताना चाल सोपी आणि खात्रीची होते, अशा आशयाचे त्याने तेव्हा लिहिले आहे. मराठी ‘सिंहासन बत्तिशी’ त्या आगीनंतर दोनच वर्षांत बाहेर पडली.

आमच्या कार्यशाळेत आग लावावी लागत नाही. पहिला खर्डा मी गोळा करून कपाटात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तोच लेख आठवणीवरून लिहायला सांगतो. सुरुवातीला कुरकुर होते. नंतर दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले की दुसऱ्यातून नेमके काय गळाले ते दिसते: बहुधा पहिला परिच्छेद, जवळजवळ सगळी ‘महत्त्वपूर्ण’ आणि ‘अनन्यसाधारण’ विशेषणे, आणि कुठून तरी ऐकलेली अवतरणे. आजीचे बोलणे, बाजारातला भाव, पावसात अडकलेली एसटी यांतले सहसा काहीच गळत नाही.