उन्हातली सांची आणि डोळ्याला लावायची खिडकी

सांचीला आम्ही एकाच वर्षात दोनदा गेलो. पहिल्यांदा २०२४ च्या मे महिन्यात बुद्ध पौर्णिमेला आणि दुसऱ्यांदा त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर. सहा महिन्यांत दुसरी खेप कशासाठी, असे कार्यालयातल्या मित्रांनी विचारले. फोटोसाठी, असे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगतो.

मे महिन्यात आमच्या विहाराची चाळीसएक माणसे निघाली. त्यांत आमची आईही होती, वय ७४. पौर्णिमा गुरुवारी आली होती, शुक्रवारची एक रजा टाकली की काम भागत होते. भोपाळला उतरून बसने निघालो. भोपाळहून सांची पन्नासएक किलोमीटर आहे. वाटेत रस्त्यावरच कर्कवृत्ताची खूण केलेली दिसते. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेली ती रेघ ओलांडताना मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्यांच्या मात्र ध्यानात आले नाही, की या रेघेपाशी मे-जूनमध्ये भरदुपारी सूर्य अगदी टाळूवर येतो. टेकडीवर पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

सांचीचा मोठा स्तूप पाहिल्याबरोबर माणूस क्षणभर बोलायचे विसरतो. व्यास सुमारे ३६ मीटर, उंची साडेसोळा मीटर. आतला विटांचा गाभा सम्राट अशोकाच्या काळातला. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढवला गेला आणि सातवाहनांच्या काळात चार दिशांना चार तोरणे उभी राहिली. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांचा लेख आहे. कठड्यांच्या दगडांवर तर शेकडो दात्यांची नावे आहेत. राजेमहाराजे त्यांत थोडे. भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ आणि साध्या घरच्या बायकाच फार. आईला लिहितावाचता येत नाही. कोणीतरी तिला हे समजावून सांगितले, तेव्हा तिने त्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मग माझा बी एक फोटू काढ हितं. तुझ्या मावशीला दावीन.”

मावशी गावी असते. गुडघे गेले आहेत, प्रवास तिला जमत नाही. दोघी बहिणींनी सांचीला जायचे कितीतरी वर्षांपूर्वी ठरवले होते.

आम्ही खिशातून मोबाईल काढला. समोर धरला तर पडद्यावर आमचाच घामेजलेला चेहरा आणि मागचे पांढरे आभाळ! आई कुठे, स्तूप कुठे, काही कळेना. पडद्यावर हाताची सावली धरली, उजेड पूर्ण वाढवला. उन्हाचा काळा चष्मा होता, त्यातून तर पडदा तिरका धरला की पार काळाच दिसे. शेवटी अंदाजाने पाचसहा वेळा बोट दाबले. उन्हात उघड्या फरशीवर म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभे करणार?

रात्री मुक्कामी सगळ्यांनी फोटो पाहिले. एकात आई कमरेपासून खाली, एकात आमचे बोट, एकात नुसते तोरणाचे खांब. आईने मोबाईल हातात घेतला, निरखून पाहिले आणि म्हणाली, “समदं आलं रं, मीच न्हाई की.”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण ती गोष्ट मनाला लागली. आमचे वडील १९९३ साली गेले. त्यांचा एकच फोटो घरात आहे, गिरणीच्या ओळखपत्रावरचा. स्टुडिओतून मोठा करून घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके उरले. आपल्या किती घरांत हीच स्थिती आहे, ते पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले की दिसते. तेव्हा फोटो काढायला पैसा नव्हता, हे समजू शकते. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असूनही आईचा धड फोटो येऊ नये, याला काय म्हणावे?

चूक कुठे झाली याचा आम्ही शोध घेतला. जुने फोटोग्राफर सांगत, सूर्य पाठीशी घ्या. ते खरेच आहे, कारण समोरच्या माणसावर उजेड पडतो. पण सूर्य पाठीशी घेतला, की तो सरळ आपल्या हातातल्या पडद्यावर येतो! म्हणजे जी जागा फोटोला चांगली, तीच पडद्याला वाईट. जुन्या कॅमेऱ्यांना ही अडचण नव्हती. शेजारच्या काकांकडे आग्फा क्लिक थ्री होता, तो डोळ्याला लावायचा. डोळा खिडकीला टेकला की बाहेरचे ऊन आपोआप अडते. ही खिडकी म्हणजेच व्ह्यूफाइंडर. डिजिटल जमाना आला, पडदे मोठे झाले आणि लहान कॅमेऱ्यांतून ती हळूहळू काढून टाकण्यात आली.

खिडकीवाला लहान कॅमेरा घ्यायचा असे ठरवून आम्ही फोर्टातल्या बोरा बाजारात दोन शनिवार घालवले. नवा परवडणार नव्हता, म्हणून जुनाच पाहायचा होता. एका दुकानदाराने “मोबाईल असताना कशाला हे खूळ?” असे म्हटले. आम्ही त्याला मोबाईलसह फूटपाथवरच्या उन्हात यायला सांगितले. तो आला नाही.

पाहता पाहता लक्षात आले की खिडक्या दोन जातींच्या असतात. पहिली नुसत्या काचेची. कॅननचे ए १२०० (२०११) आणि ए १४०० (२०१३) हे स्वस्तातले कॅमेरे तशा खिडकीचे. घड्याळात घालतो तसले पेन्सिल सेल दोन घातले की चालतात, आणि ते सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. खिडकीला वीज लागत नाही. मात्र ही खिडकी भिंगाच्या शेजारी असते, भिंगातून पाहत नाही. त्यामुळे माणूस फार जवळ असेल तर चौकट थोडी सरकते. शिवाय खिडकीत जेवढे दिसते त्यापेक्षा फोटोत जास्त येते. आमच्यासारख्या डोकी कापणाऱ्याला हा दोष नसून सोयच आहे!

दुसरी जात इलेक्ट्रॉनिक. आत एक चिमुकला पडदा असतो आणि भिंगाला दिसते तेच नेमके त्यात दिसते. बॅटरी मात्र खाते. पॅनासोनिकच्या टीझेड ६० (२०१४) मध्ये ती आहे, पण तिचा पडदा दोन लाख ठिपक्यांचा. किल्लीच्या भोकातून पाहावे तसे वाटले. सोनीच्या एचएक्स ९० व्ही (२०१५) मध्ये कळ सरकवली की खिडकी वर उसळते आणि तिचा पडदा सहा लाख अडतीस हजार ठिपक्यांचा आहे. फरक लगेच कळला. मोठ्या सेन्सरचा आरएक्स १०० मार्क थ्री त्याहून चांगला. पण त्याचे झूम थोडे आणि किंमत आमच्या बोनसला झेपणारी नव्हती.

चष्मेवाल्यांनी एक गोष्ट नक्की पाहावी. खिडकीपाशी नंबर जुळवण्याची सोय असते. ती फिरवून, आपलाच चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे चारी कोपरे दिसतात का ते तपासावे. जुना माल घेताना आभाळाचा फोटो काढून काळे डाग येतात का पाहावे, झूम पूर्ण बाहेर काढून आवाज ऐकावा, खिडकीची स्प्रिंग दहा वेळा वरखाली करावी. आणि हे सर्व दुकानाबाहेर, उन्हात करावे. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सगळेच कॅमेरे चांगले दिसतात.

आम्ही एचएक्स ९० व्ही घेतला. घरी बोलणी खावी लागली, कारण मुलीच्या दहावीच्या क्लासची फी त्याच महिन्यात होती. घरातले म्हणणे चूक नव्हते. दिवाळीचा बोनस आणि दोन महिन्यांचे ओव्हरटाइम जुळवून कसेबसे निभावले. पुढे २०२५ मध्ये पॅनासोनिकने आपला नवा टीझेड ९९ आणला, त्यातून खिडकी काढूनच टाकली, तेव्हा जुना घेतला ते बरे झाले असे वाटले.

नोव्हेंबरअखेर सांचीला निराळेच वातावरण असते. सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थी १९५२ साली चेतियगिरी विहारात पुन्हा स्थापन झाल्या; या दिवसांत त्या दर्शनासाठी बाहेर ठेवतात. श्रीलंकेचे उपासक पांढऱ्या वस्त्रांत येतात. या वेळी आम्ही तिघेच गेलो होतो, आई, मुलगी आणि आम्ही.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तर तोरणाची बाहेरची बाजू सावलीत राहते आणि दक्षिण तोरण उजळते. पूर्व तोरणाला सकाळीच गाठले. मधल्या आडव्या पट्टीवर राजपुत्र सिद्धार्थाचे गृहत्यागाचे दृश्य आहे. घोडा आहे, वर छत्र धरलेले आहे, पण पाठीवर स्वार नाही. त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरत नसत. बोधिवृक्ष, पावले, चक्र यांतून दाखवत. खालून हे बारकावे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. झूम करून खिडकीतून आईला दाखवले, तेव्हा ती कॅमेरा सोडीना. “मोकळा घोडा जातोय व्हय!” असे दोनदा म्हणाली.

खरे सांगायचे तर हा कॅमेरा सगळीकडे कामाचा नाही. संग्रहालयात आणि विहाराच्या आत मुलीच्या मोबाईलने जास्त चांगले फोटो काढले. कमी उजेडात लहान सेन्सरचा निभाव लागत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत तर फ्लॅशला बंदीच आहे, तिथे आम्ही याची पिशवी उघडणारही नाही. याचे काम उन्हातले.

दहाच्या सुमारास दक्षिण तोरणापाशी आईला उभे केले. सूर्य आमच्या उजव्या खांद्यामागे. खिडकीला डोळा लावला आणि सगळे शांत, स्पष्ट दिसले. आई, तिचा पदर, तोरण, मागे स्तूप आणि वर छत्र. दोन पावले मागे सरलो, तिचे पायही आत घेतले. कळ दाबली. मुलगी म्हणाली, “बाबा, दाखवा ना,” तर पडद्यावर उन्हाने काही दिसेना. तिलाही खिडकीतूनच पाहावे लागले.

कल्याणला परतल्यावर फोटोच्या दोन प्रती काढल्या. एक घरी ठेवली. दुसरी घेऊन आईसह गावी गेलो. मावशी ओसरीवर बसली होती. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला. बराच वेळ काही बोलली नाही. मग आईच्या पायांवर बोट ठेवून म्हणाली, “चपला काढून उभी ऱ्हायलीस जणू. पाय भाजलं न्हाईत का गं?”

“न्हाई गं,” आई म्हणाली, “थंडीत गेलतो की औंदा.”