जागलीतला तिसरा संच

रब्बीत शेतीची लाईन बहुतेक रात्रीची. हरभऱ्याला पाणी रात्री, अन् रोही-डुकरांची जागलही रात्रीच. आमचं एक वावर टेकडीच्या पल्याड आहे. तिथं मोबाईलला रेंज नाही. पोरगा तिकडं मोटरीवर, मी अल्याड. सकाळपर्यंत जीव टांगणीला.

म्हणून वाकीटाकी घ्यायचं ठरलं. खोक्यावर किलोमीटरचे आकडे मोठमोठे असतात. पण राजेहो, तो आकडा मोकळ्या रानाचा. या रेडिओचं काम नजरेसारखं आहे; आडवी टेकडी आली की आवाज अडला. ताकद वाढवावी म्हटलं तर परवाना लागतो. २०१८ च्या नियमाप्रमाणे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे संच तेवढे बिनपरवाना वापरता येतात.

तेव्हा ताकदीपेक्षा उंची धरली. दोनाऐवजी तीन संच घेतले. तिसरा टेकडीवरच्या मचाणावर, पुतण्याजवळ. त्याला दोन्हीकडचं ऐकू येते. जुने जागलेही असंच करायचे. एका मचाणावरची आरोळी दुसऱ्यानं उचलायची अन् पुढं द्यायची.

एक सवय मात्र लावावी लागली. बोलणं झालं की बटण सोडायचं, नाहीतर समोरच्याला बोलताच येत नाही.

मागच्या पौषात मध्यरात्री पुतण्याचा आवाज आला, "काका, दादा म्हणते नाल्यात अस्वल हाय. तो मोटरच्या खोलीत बसला, दार लावून. तुम्ही तिकडं जाऊ नका."

मी बॅटरी घेऊन निघालोच होतो. तिथंच थांबलो.