चतुराची नजर

रोवणी आटोपली, बांध्यांतलं पाणी निवळलं, की भंडाऱ्याकडे चतुरांचे दिवस येतात. साकोली-लाखनीच्या बाजूला माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांच्या पाळीवर तर काडी-काडीला एक बसलेला. कोहळी समाजानं हे तलाव बांधले ते धानासाठी. त्या पाण्यानं आणखी कोणाकोणाला पोसलं, तो हिशेब मोठा आहे.

परवा धुऱ्यावर एका लाल चतुराला जवळून न्याहाळत होतो. वरून चिलट गेलं, की आधी फक्त डोकं वळे. अंग जागच्या जागी. मग खालून वर झेप, सहा पायांची टोपली, आणि पुन्हा तीच काडी.

त्याचं डोकं म्हणजे जवळजवळ नुसते डोळेच. काही जातींत एकेका डोळ्यात ३०,००० च्या आसपास नेत्रिका, म्हणजे बारीक बारीक डोळुले. वरचा भाग निळ्या आणि अतिनील प्रकाशाला तीक्ष्ण, म्हणून आभाळावर चिलटाचा ठिपका लगेच उठून दिसतो. मला खरं नवल वाटतं ते पुढचं: तो चिलटाचा पाठलाग करतच नाही. चिलट जिथं पोचणार, तिथं तो आधीच निघालेला असतो. ठिपक्याची दिशा बदलली नाही आणि अंतर मात्र घटत गेलं, तर गाठ पडणारच. दर्यावर्दी हीच खूण टक्कर चुकवायला वापरतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असं दिसलं, की आपलं अंग वळल्यावर ठिपका किती सरकेल, याचाही अंदाज घेऊन तो डोकं आधीच फिरवतो. एवढ्याशा मेंदूत एवढी दूरदृष्टी!

नजरेच्या भरवशावर उडण्याची मधमाशीची तऱ्हा वेगळी. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ मंड्यम श्रीनिवासन यांनी तिला अरुंद बोगद्यांतून उडवून पाहिलं. दोन्हीकडच्या भिंती डोळ्यांसमोरून सारख्याच वेगानं सरकाव्यात, अशा बेतानं ती मधोमध उडते. उतरताना जमीन सरकण्याचा वेगही ती कायम राखते. त्यामुळे जमीन जवळ येईल तसतशी तिची गती आपोआप मंदावते.

पुन्हा आपल्या बांधीकडे येऊ. चतुर धानावरचे तुडतुडे खातो, खोडकिड्याचे पतंगही. त्याचं पिल्लू त्याच बांधीच्या पाण्यात डासांच्या अळ्यांवर वाढतं, आणि आपण फवारलेलं औषध निथळतं तेही त्याच पाण्यात. हे मला फार सलतं. फवारणीतून वाचलेल्या तुडतुड्यांची नवी पिढी महिनाभरात उभी राहते. चतुराच्या पिल्लाला पंख फुटून पाण्याबाहेर यायला पुष्कळदा त्याहून जास्त दिवस लागतात.